अपडेट झालं आणि गेम बसला

२७ सप्टेंबर २०२३ रोजी ‘काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ खेळणाऱ्यांच्या कॉम्प्युटरवर एक अपडेट उतरलं. म्हणायला अपडेट, प्रत्यक्षात ‘काउंटर-स्ट्राइक २’ हा नवा गेम जुन्याच्या जागेवर येऊन बसला. जुन्याला २ जीबी रॅम पुरायची, ग्राफिक्स कार्डावर २५६ एमबी मेमरी चालायची, डिस्कवर १५ जीबी जागा लागायची. नव्याची किमान मागणी अशी : ८ जीबी रॅम, डायरेक्टएक्स ११ चालवणारं १ जीबीचं कार्ड, ६४-बिट विंडोज १० आणि ८५ जीबी जागा. मॅकवाल्यांना तर सरळ वगळलं. आदल्या रात्रीपर्यंत ज्यांचा खेळ रंगला होता त्यांच्या मशिनमध्ये काहीही बिघडलेलं नव्हतं, तरी गेम सुरू होत नव्हता.

अशा वेळी आपल्याकडे पहिला सल्ला येतो तो ‘फॉरमॅट मारून बघ’. दुसरा ‘रॅम टाक’. तिसरा ‘अँटिव्हायरस उडव’. घायकुतीला आलेला माणूस हे तिन्ही एकाच संध्याकाळी करून मोकळा होतो. मग गेम चालला तर तो कशामुळे चालला ते कळत नाही, आणि नाही चालला तर वर्षभर जपलेले सेव्हही गेलेले असतात.

कशालाही हात लावण्याआधी एकच गोष्ट ठरवायची असते. गेमची मागणी वाढली आहे, की मशिनमधल्या दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरशी त्याचं भांडण लागलं आहे? मागणी वाढली असेल तर सेटिंग्ज रात्रभर फिरवून काही होत नाही. मागं फिरा किंवा खिशात हात घाला, तिसरा मार्ग सहसा नसतो. भांडण असेल तर ते बहुतेक वेळा फुकटात मिटतं. गंमत अशी की स्क्रीनवर दोन्ही सारखीच दिसतात. गेमचं चित्र क्षणभर येतं, जातं आणि आपण पुन्हा डेस्कटॉपवर.

फरक ओळखायला विंडोजमध्येच एक चांगलं साधन पडून आहे, फारसं कुणी उघडत नाही एवढंच. सर्च बॉक्समध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप करा. ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ असा पर्याय येईल. आत तारखांचा तक्ता दिसतो आणि गेम कोसळला त्या दिवशी लाल फुली. त्या नोंदीवर दोनदा क्लिक केलं की तांत्रिक तपशील उघडतो. त्यात दोनच ओळी बघायच्या : ‘एक्सेप्शन कोड’ आणि ‘फॉल्ट मॉड्यूल नेम’. त्याच तक्त्यात त्या दिवशी विंडोजचं किंवा ड्रायव्हरचं अपडेट झालं होतं का, तेही कळतं. पुष्कळदा शिव्या गेमला बसतात आणि आदल्या रात्री बदललेला असतो ग्राफिक्सचा ड्रायव्हर.

आता कोड. तो लांबलचक असतो, पण नजर शेवटच्या दोन अक्षरांवर ठेवा. शेवट ‘१डी’ असेल तर गेमने प्रोसेसरला अशी आज्ञा दिली जी त्याला येतच नाही. हा मागणी वाढल्याचा स्पष्ट पुरावा. याचं गाजलेलं उदाहरण ‘सायबरपंक २०७७’चं. डिसेंबर २०२० मध्ये तो आला तेव्हा त्यात एव्हीएक्स नावाच्या आज्ञांचा वापर होता. इंटेलच्या कोअर मालिकेत या आज्ञा २०११ च्या सँडी ब्रिज पिढीपासून आल्या. त्याआधीच्या प्रोसेसरांत त्या नाहीत आणि स्वस्तातल्या पेंटियम-सेलेरॉनमध्ये तर पुढेही कित्येक वर्षं नव्हत्या. अशा मशिनवर गेम सुरू व्हायचा, चालायचाही, आणि प्रस्तावनेचा भाग संपता संपता धाडकन बंद पडायचा. त्याच महिन्यातल्या १.०५ या पॅचने त्या आज्ञा काढून टाकल्या आणि प्रश्न मिटला. म्हणजे ‘१डी’ दिसल्यावर तुमच्या हाती काही नसलं तरी कंपनीच्या हाती असतं. आठ-पंधरा दिवस थांबा. त्या काळात नवा प्रोसेसर विकत घेऊ नका.

शेवट ‘७बी’ असेल तर हुश्श म्हणा. ३२-बिट आणि ६४-बिट फाइलींची सरमिसळ झाल्याची ही खूण, आणि तिच्यामागे बहुधा मायक्रोसॉफ्टचं ‘व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबल’ हे पॅकेज अर्धवट किंवा जुनं असतं. ते मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून फुकट मिळतं. विंडोज ६४-बिट असली तरी पॅकेजची दोन्ही रूपं, ३२ आणि ६४, टाकायची. इथेच बरेच जण चुकतात. स्टीमवरून घेतलेल्या बऱ्याच गेमच्या फोल्डरमध्ये ‘कॉमन रिडिस्ट’ नावाच्या फोल्डरात ते तयारच ठेवलेलं असतं. अमुक डीएलएल फाइल सापडत नाही असा संदेश येतो तेव्हाही औषध हेच. ती एकटी फाइल शोधून कुठल्या तरी ‘डीएलएल डाउनलोड’ साइटवरून आणून सिस्टिम फोल्डरात टाकण्याचा प्रकार मात्र करू नका. त्या फाइलीबरोबर आणखी काय घरात येईल, सांगता येत नाही.

‘कर्नल ३२’चं नाव घेऊन ‘प्रोसिजर एंट्री पॉइंट’ सापडत नाही असं म्हणणारी चौकट आली, तर गेम विंडोजकडे असं काही मागतोय जे तुमच्या विंडोजमध्ये नाही. विंडोज ७ वर हे नेहमी दिसतं. तिथे झटापट करण्यात अर्थ नाही.

आणि शेवट ‘०५’ असेल तर? हा सगळ्यात जास्त दिसणारा कोड आणि सगळ्यात कमी बोलणारा. गेमने मेमरीत भलत्या जागी हात घातला, एवढंच तो सांगतो. इथे दुसरी ओळ कामाला येते. मॉड्यूलचं नाव ‘एनव्ही’ने सुरू होत असेल तर बोट एनव्हिडियाच्या ड्रायव्हरकडे, ‘एटीआय’ने होत असेल तर एएमडीच्या, ‘आयजीडी’ने होत असेल तर इंटेलच्या. नावात ‘आरटीएसएस’ असेल तर स्क्रीनच्या कोपऱ्यात एफपीएसचा आकडा दाखवणारा रिव्हाट्यूनर मध्ये आलाय. ‘गेम ओव्हरले रेंडरर’ असेल तर स्टीमचाच ओव्हरले. हे झालं भांडण, आणि भांडखोर कोण तेही नावानिशी कळलं.

ओव्हरले म्हणजे गेमच्या चित्रावर स्वतःचं चित्र रंगवणारे प्रोग्राम. डिस्कॉर्ड, स्टीम, ग्राफिक्स कार्डाचं रेकॉर्डिंग, आफ्टरबर्नर, प्रत्येकाला तिथे डोकवायचं असतं. गेम डायरेक्टएक्स ११ वरून १२ वर गेला की चित्र रंगवण्याची रीतच बदलते आणि जुन्या रीतीवर बेतलेला ओव्हरले अडखळतो. म्हणून सगळे ओव्हरले बंद करून गेम एकदा चालवून बघा, मग एकेक चालू करा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि माझ्या मते सुरुवात इथूनच करावी.

त्याने भागलं नाही तर ‘क्लीन बूट’. सर्चमध्ये ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’ उघडा, सर्व्हिसेसच्या पानावर आधी मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हिसेस लपवण्याची खूण करा, मग उरलेल्या बंद करून मशिन रीस्टार्ट करा. क्रम उलटा झाला तर विंडोजच्याच नाड्या आवळल्या जातील. गेमला अँटी-चीट लागत असेल तर त्याची सर्व्हिस तेवढी चालू ठेवा. गेम चालला तर बंद केलेल्यांपैकी निम्म्या सर्व्हिसेस चालू करून पाहा, मग उरलेल्यांच्या निम्म्या. जुन्या मशिनवर प्रिंटर, स्कॅनर, कधीकाळचं डोंगल यांची सॉफ्टवेअरं वर्षानुवर्षं मुक्कामाला असतात. ती या निमित्ताने सापडतात आणि काढून टाकता येतात.

अँटिव्हायरसबद्दल लोक उगाच टोकाला जातात. अपडेटमध्ये गेमची मुख्य फाइल बदलते, अँटिव्हायरसला ती अनोळखी वाटते, तो तिला उचलून क्वारंटाइनमध्ये टाकतो. तेव्हा तो उडवू नका. ‘प्रोटेक्शन हिस्टरी’ बघा, फाइल तिथे असेल तर परत आणा, गेमचं फोल्डर अपवादात घाला आणि स्टीममधून ‘व्हेरिफाय इंटिग्रिटी ऑफ गेम फाइल्स’ करून घ्या. गेम चालतो पण सेव्ह होत नाही असं असेल तर विंडोजमधलं ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ तपासा. ते चालू असलं की अनोळखी प्रोग्रामला डॉक्युमेंट्स फोल्डरात लिहिता येत नाही. हे सगळं अर्थात विकत घेतलेल्या गेमसाठी. पेन ड्राइव्हवरून आलेल्या ‘क्रॅक’साठी अपवाद करायला मी कुणाला सांगणार नाही.

ड्रायव्हरचा मामला जरा गुंतागुंतीचा आहे, कारण ‘ड्रायव्हर अपडेट करा’ हा सरसकट सल्ला जुन्या मशिनला लागू पडत नाही. आपल्याकडे जीटी ७१० आणि जीटी ७३० ही कार्डं वर्षानुवर्षं नव्या खोक्यातून विकली गेली. ७१० आणि बहुतेक ७३० ज्या केपलर पिढीतली आहेत, तिच्यासाठी एनव्हिडियाने नवे गेम-ड्रायव्हर देणं ऑक्टोबर २०२१ मध्ये थांबवलं. ४७० मालिकेशी त्यांची गाडी थांबली. खोकं नवं असलं तरी गेमच्या दृष्टीने कार्ड निवृत्त आहे. गेम अपडेटनंतर त्याहून पुढचा ड्रायव्हर मागत असेल तर तो मिळणार नाही, आणि तो देतो म्हणणाऱ्या ‘ड्रायव्हर बूस्टर’ छापाच्या प्रोग्रामवर विश्वास ठेवू नये.

इंटेलच्या चौथ्या पिढीची गोष्ट याहून विचित्र. या हॅसवेल प्रोसेसरांमधल्या ग्राफिक्सला डायरेक्टएक्स १२ चालवता येत होतं. पुढे सुरक्षेतली एक फट सापडली आणि इंटेलने नव्या ड्रायव्हरमधून ती क्षमताच बंद करून टाकली. म्हणजे इथे ड्रायव्हर अद्ययावत केला की गेम बंद. जुना ड्रायव्हर टाकला तर गेम कदाचित चालेल, पण ती फटही परत उघडेल. ज्या कॉम्प्युटरवर घरातलं बँकेचं काम होतं, तिथे हा व्यवहार करू नका.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जे रिफर्बिश्ड ऑफिस-डेस्कटॉप मिळतात, त्यांत दुसऱ्या ते चौथ्या पिढीच्या आय-५ चा भरणा बरीच वर्षं होता. अशा मशिनवर गेम बसला की दुकानदार ग्राफिक्स कार्ड दाखवतो. घेण्याआधी पॉवर सप्लायवरचं लेबल वाचा. लहान कॅबिनेटमध्ये तो बऱ्याचदा २५० वॉटच्या आसपासचा असतो आणि कार्डाला वेगळी वीज देणारी सहा पिनांची वायर त्यात नसते. मग ७५ वॉटच्या आत, फक्त स्लॉटमधून वीज घेणारं कार्डच बसवता येतं, आणि तेही कमी उंचीचं. त्याआधी रॅम ४ वरून ८ जीबीवर नेणं आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाकणं, यांत पैसे अधिक सत्कारणी लागतात. विंडोज ३२-बिट टाकलेली नाही ना, हेही सेटिंग्जमधल्या ‘अबाउट’मध्ये बघून घ्या. ३२-बिट विंडोज ४ जीबीच्या पुढची रॅम वापरतच नाही, आणि १ जानेवारी २०२६ पासून स्टीमने ३२-बिट विंडोजचा सपोर्ट थांबवला आहे.

स्टीमचं नाव निघालंच आहे तर विंडोज ७ बद्दल. १ जानेवारी २०२४ पासून विंडोज ७, ८ आणि ८.१ वर स्टीमचा सपोर्ट नाही. कारण कंपनीने सांगितलं आहे : स्टीमच्या आत गुगल क्रोमचा एक भाग बसवलेला आहे आणि तो आता या विंडोजवर चालत नाही. याचा परिणाम फार जणांच्या लक्षात येत नाही. गेम दहा वर्षांपूर्वीचा आहे, त्याला विंडोज ७ पुरते, त्यात काही बदललेलंही नाही. पण तो ज्या दुकानातून उघडतो तेच बदललं. ‘काउंटर-स्ट्राइक’चं जुनं व्हर्जन वाल्व्ह कंपनीने ‘लेगसी’ म्हणून ठेवलं होतं, त्याचाही सपोर्ट याच तारखेला संपला. इथे भांडण-बिंडण काही नाही. विंडोज १० वर जा. तिचाही नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, हे ठाऊक असू द्या.

विंडोज ११ वर उडी मारताना मात्र अँटी-चीटकडे बघा. ‘व्हॅलोरंट’चं व्हॅनगार्ड विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही मागतं. जुन्या मशिनवर युक्ती करून, तपासणी चुकवून विंडोज ११ टाकून देणारे बरेच आहेत. विंडोज छान चालते, ‘व्हॅलोरंट’ मात्र दारातूनच परत पाठवतो. तोच गेम त्याच मशिनवर विंडोज १० मध्ये चालत होता, ही बोच वेगळीच. ‘बॅटलफिल्ड २०४२’ने तर २०२५ मध्ये, गेम येऊन साडेतीन वर्षं होऊन गेल्यावर, अपडेटमधून सिक्युअर बूट सक्तीचं केलं. बायोसमध्ये जाऊन ते चालू करण्याआधी डिस्क ‘एमबीआर’ आहे की ‘जीपीटी’ हे डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहा. एमबीआर असताना बायोस यूईएफआयवर फिरवलं तर विंडोजच उघडणार नाही. बदल करता येतो, पण बॅकअप घेऊन आणि जाणकाराला शेजारी बसवून. व्हॅनगार्डने २०२० मध्ये सुरुवातीला तापमान दाखवणाऱ्या आणि पंखे सांभाळणाऱ्या काही प्रोग्रामांचे ड्रायव्हरही अडवले होते. जुन्या मशिनवर असे प्रोग्राम हमखास असतात, तेव्हा तेही तपासा.

आता मागं फिरण्याविषयी. ऑनलाइन गेममध्ये ती वाट नसते. सर्व्हर जुनं व्हर्जन आत घेत नाही. एकट्याने खेळायच्या गेममध्ये मात्र ती पुष्कळदा असते आणि लोकांना माहीतच नसते. ‘द विचर ३’ हा २०१५ चा गेम. १४ डिसेंबर २०२२ ला त्याला ४.० हे मोठं अपडेट मिळालं, फुकट मिळालं, आणि ज्या मशिनवर तो लोण्यासारखा चालायचा तिथे अडखळू लागला. उपाय दोन होते. लाँचरमध्ये डायरेक्टएक्स १२ ऐवजी ११ निवडायचं. पुष्कळांचं त्यावरच भागलं. नाहीतर स्टीममध्ये गेमच्या नावावर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘बीटाज’, आणि तिथल्या यादीतून ‘क्लासिक’ म्हणजे जुनं १.३२. ‘बीटा’ या नावाला लोक बिचकतात, पण जुनी व्हर्जनंही तिथेच ठेवलेली असतात. स्टीमसारख्याच जीओजी या दुकानात गेमच्या सेटिंग्जमध्ये आपोआप होणारं अपडेट बंद करून जुनं व्हर्जन निवडता येतं, शिवाय अख्खा इन्स्टॉलर उतरवून हार्ड डिस्कवर ठेवता येतो. जुनं मशिन असेल आणि गेम दोन्हीकडे मिळत असेल, तर मी जीओजीवरून घेण्याच्या बाजूचा आहे. रॉकस्टारने ‘जीटीए ५’च्या बाबतीत शहाणपणा दाखवला. ४ मार्च २०२५ ला आलेलं ‘एन्हान्स्ड’ त्यांनी वेगळं ठेवलं आणि आधीचं ‘लेगसी’ म्हणून चालू राहिलं. लायब्ररीत दोन्ही दिसतात. जुन्या मशिनवर कुठल्यावर क्लिक करायचं ते घरातल्या मुलांना सांगून ठेवा.

मॉड वापरत असाल तर आणखी जपून. कमी ताकदीच्या मशिनवर गेम हलका करायला मॉडच कामाला येतात, आणि अपडेटमध्ये पहिले तेच मोडतात. ‘फॉलआउट ४’चं २५ एप्रिल २०२४ चं अपडेट येणार म्हणताच ‘फॉलआउट लंडन’ या प्रचंड मॉडच्या मंडळींना आपलं प्रकाशन पुढे ढकलावं लागलं. शेवटी ते जुलैमध्ये आलं, तेही गेम आधी जुन्या व्हर्जनवर न्या या अटीवर. अशा गेमसाठी स्टीममध्ये ‘मी सुरू करेन तेव्हाच अपडेट कर’ हा पर्याय आधीच निवडून ठेवा. अपडेट पूर्ण थांबवण्याचं बटण स्टीममध्ये नाही.

मागं फिरताना सेव्ह सांभाळा. नव्या व्हर्जनमध्ये केलेला सेव्ह जुन्यात बहुधा उघडत नाही. ‘विचर ३’चे सेव्ह डॉक्युमेंट्समध्ये गेमच्या नावाच्या फोल्डरात ‘गेमसेव्ह्ज’मध्ये असतात, ते फोल्डर उचलून पेन ड्राइव्हवर ठेवा. मग क्लाउड सिंक बंद करा, नाहीतर तुम्ही परत आणलेल्या जुन्या सेव्हवर क्लाउडमधला नवा येऊन बसेल. ‘माइनक्राफ्ट’मध्ये हे फारच महत्त्वाचं आहे. जावा आवृत्तीच्या १.१७ ने ओपनजीएल ३.२ सक्तीचं केलं आणि जुन्या इंटेल ग्राफिक्सवाले कित्येक लॅपटॉप बाहेर पडले. तिथे लाँचरच्या ‘इन्स्टॉलेशन्स’मध्ये जाऊन १.१६.५ निवडता येतं, अगदी अधिकृतपणे. पण १.१८ ने जगाची उंची-खोलीच बदलली, त्यामुळे एकदा त्यात उघडलेलं जग १.१६ मध्ये नीट परत येत नाही. पोराने सुट्टीभर बांधलेला किल्ला आहे, त्याची प्रत आधी काढा.

इतकं करूनही गेम चालला नाही तर कंपनीला लिहा, पण ‘गेम चालत नाही, लवकर काहीतरी करा’ असं नको. सर्चमध्ये ‘डीएक्सडायग’ इंग्रजीत सलग टाइप करा, उघडलेल्या खिडकीत ‘सेव्ह ऑल इन्फर्मेशन’ दाबा. जी टेक्स्ट फाइल बनेल ती जोडा. रिलायबिलिटीतला कोड आणि मॉड्यूलचं नाव लिहा, कुठल्या तारखेच्या अपडेटपर्यंत गेम चालत होता ते लिहा, ओव्हरले आणि मॉड बंद करून पाहिलं हेही लिहा. गेम घेऊन १४ दिवस झाले नसतील आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर स्टीमकडून पैसे परत मिळतात, तेव्हा आधी तो अर्ज करा. मुदत उलटून गेली असली तरी अर्ज टाकायला हरकत नाही. ‘काउंटर-स्ट्राइक २’च्या वेळी मॅकवर खेळणाऱ्यांना वाल्व्हने ‘प्राइम’ या विकतच्या अपग्रेडचे पैसे परत देऊ केले होते, पण त्यालाही मुदत होती : १ डिसेंबर २०२३.